टर्नरसाहेबाचा शेरा

माझं नुकसान करणारे मला पुष्कळ भेटले. बहुतेकांनी ते खोटं बोलून केलं. खरं बोलून माझा धंदा बुडवणारा माणूस मात्र एकच, बेलापूरचा टर्नरसाहेब. मी रागीट आहे आणि झालेली गोष्ट विसरत नाही, तेव्हा वाचणाऱ्यानं माझ्या रागाचा भाग वजा करून वाचावं. साहेब सगळ्या जगाला अरे-तुरे करायचा, म्हणून मीही इथं त्याला एकेरीतच लिहितो. तोंडावर मात्र शेवटपर्यंत ‘तुमी’च म्हटलं.

प्रवरेचे कॅनॉल खणत होते तेव्हा तो विलायतेहून पोरसवदा सुपरवायझर म्हणून आला. कॅनॉल झाले, बरोबरचे साहेब मोठ्या जागांवर गेले, हा इथंच राहिला. कॅनॉलखालची जमीन सरकारकडून घेऊन त्यानं मोसंबी लावली. कॅनॉलचं पाणी मुरून जमीन चिबडली, झाडं गेली. मग त्यानं मोटारी आणल्या. माझी त्याची गाठ पडली ती दुसऱ्या लढाईच्या दिवसांत. तेव्हा तो साठीला टेकला होता आणि संगमनेर-बेलापूर-नेवासा या रस्त्यांवर त्याच्या तीन गाड्या पळत होत्या.

उंच, उन्हानं भाजून विटेसारखा झालेला, खाकी अर्धी चड्डी, कॅनव्हासचे बूट आणि खिशात पोलादी फीत. कशावरही वाद निघाला की फीत बाहेर काढायचा. “मापून बघू,” हे त्याचं ठरलेलं बोलणं. एकदा दोन उतारू एका बाकावरून भांडायला लागले तर त्यानं दोघांनाही उठवून आधी बाक मापला आणि मग दोघांना मापलं.

मराठी तो कॅनॉलवरच्या खणकऱ्यांकडून शिकला होता. त्यामुळे त्याची भाषा ऐकून नवीन माणूस चाट पडायचा. एकदा मामलेदार दौऱ्यावर आले, तर साहेब त्यांना गॅरेजच्या दारात म्हणाला, “ये मामलेदार, बस. तुझ्या रस्त्यात लई मोठा खड्डा हाय. माझी गाडी त्यात सकाळधरनं बसलीया.” मामलेदारांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गोऱ्या माणसाला भाषा सुधारा म्हणणार कोण?

ते काम फक्त त्याची बायको करायची. मार्थाबाई मूळ नेवासे तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, नगरला मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं बोलणं धुतलेलं, इस्त्री केलेलं. मला म्हणायच्या, “कोंडिबा, ‘न्हाई’ नव्हे, ‘नाही’ म्हणा. तुमचं ऐकून हे आणखी बिघडतात.” साहेब पलीकडून ओरडायचा, “मी आधीच बिगडल्योय, त्याला सोड.” या लग्नामुळे नगरच्या साहेबलोकांनी त्याला क्लबात बोलवायचं बंद केलं होतं. मी एकदा विचारलं, वाईट नाही का वाटलं. म्हणाला, “तिथं लोक ब्रिज खेळत्यात. मला ब्रिज येत न्हाई.” रविवारी तो बायकोच्या भावकीबरोबर ख्रिस्ती देवळात सतरंजीवर मांडी घालून बसायचा. मांडी त्याला नीट जमायची नाही, पण खुर्ची आणली तर परत पाठवायचा.

मी त्या वेळी कोळसा विकत होतो. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. गाडीच्या मागं लोखंडी नळकांडं बसवायचं, त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा आणि पंख्यानं फुंकत बसायचं. अर्ध्या तासानं गाडी सुरू झाली तर नशीब. चढ आला की उतारू खाली उतरून चालायचे आणि वर पोचून गाडीची वाट बघायचे.

माझ्यासारखा भाव करणारा माणूस त्या टापूत नव्हता. समोरचा एक आकडा बोलला की मला दुसरा सुचलेलाच असायचा. साहेबाशी मात्र माझी मजा जायची, कारण तो भावच करायचा नाही. पोतं फोडायचा, एक खडा काढून ऐरणीवर टाकायचा. खणखणला तर म्हणायचा, “घे आत.” बद्द वाजला तर म्हणायचा, “घेऊन जा.” मी म्हणायचो, “साहेब, थोडं कमी करतो.” तर म्हणायचा, “तू कमी केल्यानं कोळसा वाळंल व्हय?” एकदा भर मोटारस्टँडवर, दहा गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, “कोंडिबाचा आजचा माल वला हाय, कुनी घेऊ नगा.” माल ओला होताच. पण कानात सांगितलं असतं तर त्याचं काय जात होतं?

त्याच्या गाड्यांचा एक नियम होता, आणि त्यानंच त्याचा धंदा बसायला आला होता. आपल्याकडे तेव्हा गाडी भरली की सुटायची. भरेपर्यंत ड्रायव्हर चहा पीत बसायचा. साहेबाची गाडी घड्याळावर सुटायची, भरलेली असो की रिकामी. लोकांना हे पटेना. त्यातून लढाईचे दिवस. गोऱ्या साहेबाची रिकामी मोटार, वर ड्रायव्हर ओरडतोय, “बसा, बसा, लगेच निघणार!” गावोगाव उठलं की ही भरतीची गाडी आहे, बसला की थेट लष्करात. बाजाराच्या दिवशी लोक डोक्यावर पाट्या घेऊन नेवाशापर्यंत चालत जायचे आणि शेजारून साहेबाची गाडी रिकामी जायची.

गाड्या बंद पडल्या तर माझा कोळसा कोण घेणार? मी माझी डोकॅलिटी लावली. माझी एक विधवा आत्या होती, गंगूआत्या. तिला म्हटलं, कोंबडीची पाटी घे आणि गाडीत पुढच्या बाकावर जाऊन बस. बरोबर दोन बाया आणि एक म्हातारा दिला. म्हातारी बाई कोंबडी घेऊन बसली म्हणजे ही लष्कराची गाडी नव्हे, एवढं कोणालाही कळतं. मागोमाग लोक चढायला लागले. कॅनॉलच्या पुलाशी माझी माणसं उतरायची आणि चालत परत यायची, पुढच्या गाडीत बसायला.

साहेबाला हे चौथ्या दिवशी कळलं. मला बोलावून घेतलं.

“ही म्हातारी रोज कुठं जाती?”

“पुलापातूर.”

“पुलावर काय हाय?”

“काय न्हाई.”

“मग कोंबडी कशाला?”

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ही लबाडी हाय, कोंडिबा.”

“साहेब, गाडी भरली का न्हाई?”

तो आत जाऊन हात धुऊन आला आणि म्हणाला, “म्हातारीला उनात चालवू नगं. परतीच्या गाडीत घ्यायला सांग.”

लक्षात ठेवा, बंद कर असं म्हणाला नाही. पुढं दीड-दोन वर्षं माझी माणसं त्याच्या गाड्यांत बसत होती. गंगूआत्या तर ड्रायव्हरवर डाफरायची, “आरं, मी म्हातारी रोजची गिऱ्हाईक, मला खिडकी दे की!” तिच्या त्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, तरी आत्या जात राहिली.

चळवळीच्या साली पोरांनी साहेबाच्या गॅरेजच्या भिंतीवर डांबरानं ‘चले जाव’ लिहिलं. शेवटचं अक्षर लिहीत असताना साहेब मागं येऊन उभा. पोरं गारठली. साहेबानं वाचलं आणि म्हणाला, “कुठं जाऊ? सातला गाडी हाय.” मग अक्षरांवर बोट फिरवून म्हणाला, “डांबर चांगलं हाय, पावसात टिकंल. खाली गाडीच्या येळा बी लिवा.” पोरं हसायला लागली. त्यांनी खरंच लिहिल्या. ‘चले जाव’ आणि खाली संगमनेर, नेवासा यांच्या वेळा, अशी ती भिंत पुढं कित्येक वर्षं होती. लोक लांबून बघून वेळ वाचायचे.

लढाई संपता संपता त्यानं रस्ते सांभाळणाऱ्या लोकल बोर्डाची निवडणूक लढवली. गोऱ्याला मत कोण देणार, असं सगळे म्हणत होते. समोर एक वकील होता, भाषण झकास करायचा, पण या रस्त्यानं तो कधी आला नव्हता. साहेबाला भाषण येत नव्हतं. त्याच्या पहिल्या सभेला मांडव रिकामा. लोक लांब झाडाखाली उभे, आत जायला कोणी तयार नाही. मी गंगूआत्याला आणि आणखी दहा-बारा जणांना आणून पुढं बसवलं. साहेबानं हे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मांडव भरला. मग त्यानं खिशातून एक कागद काढला आणि बेलापूरपासून नेवाशापर्यंत रस्त्याखालच्या किती मोऱ्या फुटल्या आहेत, त्यांची नावंगावं वाचून दाखवली. एवढंच भाषण. शेवटी म्हणाला, “मी ह्या दुरुस्त करीन. दुसरं मला काय येत न्हाई.” निवडून आला. पुढं बोर्डाचा अध्यक्षही झाला, आणि मोऱ्या दुरुस्त केल्या, हेही लिहिलं पाहिजे.

मधल्या काळात मी स्वतःची गाडी घेतली होती. जुनी होती, मागचा पत्रा मीच ठोकून बसवला होता, पण माझी होती. कोळशाची पोती वाहणाऱ्या माणसाच्या नावाची पाटी मोटारीवर लागते म्हणजे काय, हे ज्याला वडिलांकडून सगळं मिळालं त्याला कळणार नाही. मला नेवासा रस्त्याचं परमिट हवं होतं. त्या रस्त्यावर आणखी एकच परमिट निघणार होतं. साहेबाचाही अर्ज होता, पण तो अध्यक्ष म्हणून परमिटाच्या कमिटीवर बसला आणि त्यानं स्वतःचा अर्ज मागं घेतला. मला वाटलं, माझ्यासाठीच घेतला. स्टँडवर मी पेढे वाटले. मार्थाबाई म्हणाल्यासुद्धा, “कोंडिबा, निकाल लागू द्या.” मी ऐकतोय कशाला!

परमिट नगरच्या एका व्यापाऱ्याला गेलं. मी कचेरीत जाऊन कारकुनाला गाठलं. त्यानं फाइल काढली आणि साहेबाचा इंग्रजी शेरा मला मराठीत सांगितला. दोनच वाक्यं होती. एक, अर्जदाराच्या गाडीचे ब्रेक भरवशाचे नाहीत. दोन, अर्जदार स्वतःची माणसं उतारू म्हणून बसवून लोकांना भुलवतो.

मी तिथून निघालो तो थेट बेलापूरला साहेबाच्या गॅरेजात. तो गाडीखाली आडवा होता. मी त्याचा पाय धरून ओढला.

“बिरेकचं लिवलं ते लिवलं. मी बिरेक बदलीन. पन ते दुसरं?”

साहेब उठून बसला. “ते बी खरं हाय.”

“आन तुमच्या गाडीत बसत हुती ती कुनाची मानसं? तुमच्या मांडवात कोन हुतं?”

“तुझीच.”

“मग ते का न्हाई लिवलं?”

“माझ्या गाडीबद्दल कमिटीनं इचारलं न्हाई. तुझ्याबद्दल इचारलं.”

बोलता बोलता मी तिथला एक पाना उचलला होता. मी तो त्याच्या डोक्यात घातला नाही, भिंतीवर फेकला. त्या दिवसापासून तीन वर्षं मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. स्टँडवर, बाजारात, जो भेटेल त्याला मी हीच गोष्ट सांगायचो. लोकांना पाठ झाली होती. गंगूआत्या मेली तेव्हा साहेब मयतीला आला होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

स्वातंत्र्य आलं, आणि मागोमाग सरकारनं मोटारी आपल्या हातात घ्यायला सुरुवात केली. एकेक रस्ता सरकारी गाड्यांकडे गेला. नगरच्या व्यापाऱ्याचा गेला, साहेबाचेही गेले. आता आमच्यासारख्यांना एकच वाट उरली होती, मालाच्या लॉरीचं परमिट. तीही मोजकीच निघणार होती. मी अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं की अर्जदाराविरुद्ध जुना शेरा आहे, त्याचा खुलासा आणावा. कारकून ओळखीचा झाला होता. तो म्हणाला, “ब्रेकचं सोडा, नवीन गाडी दाखवा. पण लोकांना भुलवतो, हे कोण पुसणार? शेरा लिहिणाऱ्यानंच काही लिहून दिलं तर बघू.” आणि हेही म्हणाला की टर्नरसाहेबाचाही अर्ज आलाय, दोन लॉऱ्यांचा.

मी आठ दिवस घरात भांडत राहिलो आणि नवव्या दिवशी गेलो.

साहेब अंगणात बसला होता. बोर्डाचं अध्यक्षपद गेलं होतं, ड्रायव्हर गेले होते. तीनही गाड्या आवारात नळकांडी काढून ओळीनं उभ्या होत्या. मी रस्ताभर ठरवत आलो होतो की आधी जड बोलायचं, मग खाली उतरायचं, जसं कुठल्याही सौद्यात करतो.

“साहेब, तुमच्या शेऱ्यानं माझं पोट मारलं. तो मागं घ्या.”

“खरं हाय ते मागं कसं घेऊ?”

माझं डोकं फिरलंच होतं. पण तेवढ्यात मला त्याचं गॅरेजातलं बोलणं आठवलं. मी उभा राहिलो आणि कमिटीतल्या माणसासारखा आवाज काढून म्हणालो, “बरं. मी आता इचारतो. तुमच्या गाड्यांत अशी मानसं बसवली हुती का न्हाई?”

“हुती.”

“तुमाला ठावं हुतं?”

“चौथ्या दिवसापास्नं.”

“निवडनुकीच्या मांडवात?”

“हुती.”

“मग लिवा.”

तो उठला, आतून टाक-दौत घेऊन आला, आणि तिथंच पायरीवर बसून त्यानं लिहिलं. एकदाही थांबला नाही. सही केली. मी कागद उलटा-सुलटा पाहिला. इंग्रजी.

“मार्था,” त्यानं हाक मारली, “ह्याला वाचून दाव. न्हाईतर म्हनंल साहेबानं फसवलं.”

मार्थाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. पदराला हात पुसून त्यांनी कागद घेतला आणि वाचून मराठीत सांगायला लागल्या. अर्जदाराविरुद्धचा माझा शेरा खरा आहे. माणसं बसवण्याची ही पद्धत त्यानं प्रथम माझ्याच गाड्यांसाठी सुरू केली. मला ती माहीत होती, मी तिचा फायदा घेतला, आणि निवडणुकीतही... इथं त्या थांबल्या.

“हा कागद कचेरीत गेला तर आपला अर्ज उरणार नाही,” त्या साहेबाला म्हणाल्या. “आपल्याकडे आता दुसरं काय आहे?”

“पुढं वाच.”

“मी विचारते आहे.”

“ह्यानं बी इचारलं. पुढं वाच.”

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग कागद घडी करून माझ्यापुढं धरला, पण सोडला नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यांनी तोंडानं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर माहीत आहे. घरी माझे भाऊ-भावजया, तीन लेकरं होती, आणि दारात परमिटावाचून उभी गाडी. मी कागद ओढून घेतला.

कचेरीत तो वाचून अधिकारी हसला. म्हणाला, “साहेबच कबूल करतो म्हणजे ही रस्त्याची रीतच होती म्हणायची.” मला लॉरीचं परमिट मिळालं. स्वतः तेच करून दुसऱ्यावर शेरा मारला, म्हणून साहेबाचा अर्ज मात्र फेटाळला गेला. माझा शेरा आजही तिथं आहे, त्यानं तो खोडला नाहीच. तो मुळात लिहायलाच नको होता, हे माझं म्हणणं आजही आहे, आणि मी ते कोणापुढंही मांडायला तयार आहे.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. नवी लॉरी गुळाच्या ढेपा भरून नेवाशाला निघाली होती, आणि मी पहिल्याच खेपेला ड्रायव्हरशेजारी नवं धोतर, नवा कोट घालून बसलो होतो. साहेबाच्या आवारात एक भंगारवाला त्याच्या गाड्यांचे पत्रे काढत होता. साहेब फाटकात उभा होता. त्यानं हात वर केला. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. म्हटलं, आता बोलणार. मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं.

तो माझ्याकडे न बघता लॉरीच्या मागच्या बाजूला गेला, चाकावर बुटानं ठोकरून म्हणाला, “डाव्या चाकात हवा कमी हाय. एवढ्या वजनानं नेवाशापातूर जायचं न्हाई.”

मी उतरून पाहिलं. कमी होती.

त्यानं आतून पंप आणला, नळी लावली आणि भरायला लागला. ड्रायव्हर पुढं झाला तर त्याला, “तू बाजूला सर” म्हणाला. ऊन होतं. त्याची हॅट घरंगळून खाली पडली, डोक्यावरचे पांढरे केस घामानं चिकटले होते. मी म्हटलं, “साहेब, द्या इकडं. मी भरतो.”

“तुझा कोट नवा हाय,” तो म्हणाला, आणि पंप मारत राहिला.